पिवळं पान, हिरवं पान

मराठी विकिस्रोतावर एकट्या माणसाला एक पानही पुरं करता येत नाही. विकिस्रोत हे विकिपीडियाचं धाकटं भावंड. तिथे लेख लिहायचे नसतात. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली जुनी पुस्तकं छापील प्रतीबरहुकूम टंकून ठेवायची असतात. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' तिथे कुणालाही फुकट वाचता येतो, आणि तो तिथे आणून ठेवला तो एक पैसाही न घेणाऱ्या माणसांनी.

काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. पडद्याच्या एका बाजूला जुन्या पुस्तकाच्या पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने त्यावरून वाचून काढलेला मजकूर. यंत्र 'ध'चा 'घ' करतं, 'भ'चा 'म' करतं, 'ख'चे 'र' आणि 'व' असे दोन तुकडे करतं, अनुस्वार गिळतं आणि पानावरचा वाळवीचा ठिपका मात्र इमानदारीने विसर्ग म्हणून उतरवून घेतं. अशा न तपासलेल्या पानाला लाल खूण असते. कुणीतरी बसून ओळ न् ओळ ताडून चुका काढल्या की खूण पिवळी होते, म्हणजे मुद्रितशोधन झालं. मग दुसऱ्या कुणीतरी तेच पान पुन्हा मूळ छायाचित्राशी पडताळायचं. तेव्हा ते हिरवं होतं, म्हणजे प्रमाणित. ज्याने पान पिवळं केलं त्याला हिरवं करायचं बटण प्रणाली दाखवतच नाही. तुम्ही कितीही विद्वान असा, कितीही घाईत असा, दुसरा माणूस येईपर्यंत पान पिवळंच राहणार.

छोट्या गटांचं इंटरनेटवर कसं जुळतं याबद्दल बरंच लिहिलं जातं. माझ्या मते या पिवळ्या-हिरव्या खुणांमध्ये त्याचं निम्मं उत्तर आहे. आपली सर्वसाधारण समजूत अशी की आधी माणसं ओळखीची होतात, मग त्यांच्यात जिव्हाळा येतो आणि मग ती मिळून काम करतात. टाळेबंदीत नागपुरातल्या घराघरांतून पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांचं काम सुरू झालं तेव्हा व्यवस्थापकांनी हाच क्रम धरला होता. शुक्रवारी संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर चहा, 'तुमचा आवडता सिनेमा सांगा' असले खेळ. लोक कॅमेरा बंद करून भाजी निवडत बसायचे. विकिस्रोतावर क्रम उलटा आहे. समोरच्याचं नावही खरं असेल याची खात्री नसते; सदस्यनाव काहीतरी गमतीचं असतं. पण त्याने तपासलेलं पान तुम्ही तपासलेलं असतं. तो ऱ्हस्व-दीर्घात पक्का आहे आणि तळटीपा मात्र हमखास विसरतो, हे तुम्हाला त्याच्या चेहऱ्याआधी ठाऊक होतं.

जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'केलें', 'घरांत' असे अनुस्वार भरलेले असतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार छपाईतून गेले. आता समजा, एखादी निवृत्त शिक्षिका हौसेने या कामाला आली. तीस-पस्तीस वर्षं तिने मुलांच्या वह्यांतून असले अनुस्वार लाल शाईने खोडलेले. ती पहिल्याच दिवशी पाच पानं 'शुद्ध' करून टाकणार, हे ठरलेलंच. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळे अनुस्वार परत जागेवर, आणि पानाच्या बदलांच्या नोंदीत एक ओळ: मूळ छापील प्रतीप्रमाणे ठेवावे.

इथे गट घडतो किंवा फुटतो. बाई रागावून निघून जाऊ शकतात. चर्चापानावर येऊन 'अहो, पण आजच्या वाचकाला हे चुकीचं वाटेल ना' असं म्हणू शकतात. मग कुणीतरी समजावतं की आपण लेखकाचं पुस्तक ठेवतोय, आपलं नाही. दुसरा म्हणतो, ठीक आहे, पण उघड छपाईची चूक असेल, खिळाच उलटा बसला असेल, तर? तिसरा तोड काढतो: मूळ तसंच ठेवा आणि दुरुस्ती टिपेत दाखवा. पुढच्या महिन्यात नवा कुणी तेच करतो तेव्हा त्याला समजावून सांगणाऱ्यांत ह्या बाईच पहिल्या असतात. नियमांची पानं कुणी आधी बसून लिहिलेली नसतात, ती बहुतेक अशा भांडणांतूनच तयार होतात. म्हणूनच पाळलीही जातात.

मोठ्या घोळक्यात माणूस अंग चोरतो, हे आपल्याला सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडपापासून ठाऊक आहे. ते मोजून दाखवलं फ्रान्समधल्या मॅक्सिमिलियन रिंगलमान या शेतीअभियंत्याने. त्याने माणसांना दोर ओढायला लावले. एकटा माणूस पूर्ण जोर लावायचा. आठजण एकत्र ओढू लागले की दरडोई जोर जवळपास निम्म्यावर यायचा. हे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. त्यावर पुढे अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावून प्रयोग केले. घोळक्यात प्रत्येकाचा आवाज खाली येतो, हे त्यांनाही दिसलं. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना कळलं की अंग चोरणं जवळजवळ थांबतं, हेही १९८१च्या त्यांच्या प्रयोगात दिसलं.

विकीच्या प्रत्येक पानामागे 'इतिहास' असतो, आणि त्याचं मोल इथे कळतं. कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता काना काढला, सगळं कायमचं नोंदलेलं. तिथे पाळत ठेवणारा साहेब कुणी नाही, पण काम दिसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाशी हे ताडून पाहा. तिथे दोनशे माणसं आहेत, रोज शंभर निरोप येतात, सुप्रभाताची फुलं येतात. पण पाण्याच्या टाकीची सफाई कुणी करवून घेतली हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही. बोलणं वर सरकून जातं आणि केलेल्या कामाचा मागमूस उरत नाही. एवढ्या बोलण्यानंतरही ती माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे न पाहता उभी राहतात, त्यात नवल नाही.

अनोळखी माणसांत विश्वास कशाने बसतो यावर १९९८ साली सिर्का यार्वेनपा, कॅथलीन नोल आणि डोरोथी लायडनर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांचे चार ते सहा जणांचे ७५ गट केले होते. आठ आठवडे एकत्र काम, तेही फक्त संगणकावरून. यार्वेनपा आणि लायडनर यांनी अशा गटांवर पुढेही लिहिलं. काही गटांत विश्वास झटकन बसतो, पण तो नाजूक असतो, असं त्यांना आढळलं. सुरुवातीच्या गप्पांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण टिकलेल्या गटांत वेगळ्याच गोष्टी ठळक होत्या: वेळेवर आणि मुद्द्याचं उत्तर देणं, आपणहून काम अंगावर घेणं, आणि आपण कधी असू-नसू हे आधी सांगून ठेवणं. 'दिवाळीचे चार दिवस मी नाही, हे प्रकरण कुणी बघेल का?' एवढं वाक्य विश्वास वाढवतं. न सांगता चार दिवस गायब होणं तोच विश्वास मोडतं, कारण दूरवर बसलेल्याला तुमच्या घरची दिवाळी दिसत नसते. त्याला फक्त अनुत्तरित प्रश्न दिसतो.

मिळून ज्ञान गोळा करण्याच्या कामात नागपूरला जुना मान आहे, आणि तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा. श्रीधर व्यंकटेश केतकर मूळचे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मुलखातले. जन्म रायपूरचा, शाळा अमरावतीची, आणि डॉक्टरेट १९११ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची. मराठीत ज्ञानकोश करायचा या वेडाने त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी नागपुरात काढली. पुढे कामाचा पसारा पुण्याला गेला आणि १९२०च्या दशकात २३ खंड बाहेर पडले. केतकरांनी १९२७ साली या सगळ्याचा वृत्तान्त लिहिला, 'माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास' या नावाने. कोश एका माणसाच्या डोक्यातून निघाला तरी इतिहास मंडळाचा लिहावा लागतो, हे त्यांना चांगलं कळलेलं होतं.

त्या मंडळात विकीपेक्षा सगळंच वेगळं होतं. एक छप्पर, एक संपादक, भागधारक, आगाऊ नोंदणी करणारे वर्गणीदार, वेतन. तरी एक गोष्ट सारखी घडली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघेही ज्ञानकोशाच्या कामात होते. तो कोश संपला, पण ही जोडी फुटली नाही. १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड या जोडीच्या नावावर निघाले. शेजारच्या मेजावर बसून एकमेकांच्या नोंदी तपासल्याशिवाय अशी जोडी तयार होत नाही. विकीवरही काही जोड्या अशाच असतात. एकाने लेख सुरू केला की दुसरा संदर्भ घेऊन हजर होतो, आणि त्यांनी एकमेकांना कधी फोनही केलेला नसतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. पण प्रचालक, म्हणजे पान वगळण्याचे आणि उत्पात करणाऱ्याला रोखण्याचे अधिकार असलेले सदस्य, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बारीकसारीक एकसुरी कामं सांगकामे नावाच्या स्वयंचलित प्रणाली करतात, नवख्याने हात साफ करायला धूळपाटी आहे, आणि सगळ्यांच्या मतलबाचं बोलणं चावडीवर. चावडी म्हटल्यावर वादही आलेच.

वाद मिटवायची पद्धत मात्र मतमोजणीची नाही, निदान तत्त्वतः नाही. सहमती व्हावी लागते. आमच्या विदर्भात हे काही नवं नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते मोडतं. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. त्याच्या जोडीला अभ्यासगट असतात. त्यात विषयाची नुसती चर्चा करायची, माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं; निर्णय तिथे घ्यायचा नाही. चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवली की माणूस आपलं मत मोकळेपणाने बदलू शकतो, कारण बदलल्याने तो हरत नाही. चर्चापान आणि लेखाचं पान वेगळं ठेवण्यामागेही हेच आहे.

पण एक फरक मोठा आहे, आणि इंटरनेटवरचे गट तिथेच अडखळतात. ग्रामसभेत गप्प बसलेला माणूस समोर दिसतो. तो मान खाली घालून बसलाय की शेजाऱ्याकडे बघून हसतोय, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना कळतं, आणि कुणीतरी विचारतं, 'काहून बा, तू काहीच बोलत नाहीस?' पडद्यावरच्या गप्प बसण्याला चेहरा नाही. सात दिवस कुणी आक्षेप घेतला नाही म्हणून प्रस्ताव मान्य, असं लिहून मोकळं होता येतं. ते सात दिवस लोकांना प्रस्ताव पटला होता, दिसलाच नव्हता, की बोलून उपयोग नाही असं वाटलं होतं, हे कुणीच सांगू शकत नाही. अनुभवी सदस्य म्हणूनच नाव घेऊन विचारतात. चावडीवर सगळ्यांना उद्देशून हाक देण्यापेक्षा तिघांच्या चर्चापानावर जाऊन 'या विषयात तुमचं काम आहे, जरा बघाल का?' असं लिहिण्याला जास्त उत्तरं येतात.

नव्या माणसाचं काय होतं, यावर गटाचं आयुष्य ठरतं. जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडच्या उमेदवारीचा अभ्यास केला होता. एटियेन वेंगर यांच्यासोबत १९९१ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात तो आहे. तिथे पोरगा कापड कापायला आधी शिकत नाही. सुरुवात होते शेवटच्या कामापासून: बटणं लावणं, शिवण दुमडणं. मग शिवणं, आणि कापणं सगळ्यात शेवटी. यात दोन फायदे. काजबटणात चूक झाली तर कापड वाया जात नाही, आणि पुरा कपडा पहिल्या दिवसापासून हाताखाली असल्याने तुकडा कुठे बसतो हे कळत राहतं. विकिस्रोतावरचं मुद्रितशोधन हे असंच काजबटणाचं काम आहे. नवखा माणूस पहिल्या संध्याकाळी एक पान तपासू शकतो, आणि ते पान खरोखर पुस्तकात जातं. विकिपीडियावर मात्र उत्साही माणूस बहुतेक वेळा थेट कापायलाच बसतो. स्वतःच्या गावावर किंवा गुरुजींवर लेख लिहितो, संदर्भ नसतात, आणि तासाभरात लेखावर इशाऱ्याची पाटी झळकते.

इंग्रजी विकिपीडियाला याची किंमत मोजावी लागली. तिथले सक्रिय संपादक २००७ साली शिखरावर होते, नंतर घटत गेले. ॲरन हाफेकर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासाने त्याचं मोठं कारण घरातच दाखवलं: उत्पात रोखण्यासाठी केलेली स्वयंचलित साधनं आणि घट्ट झालेले नियम यांमुळे चांगल्या हेतूने आलेले नवखेही पहिल्याच फटक्यात परतवले जात होते. परतवलेला माणूस बहुधा पुन्हा येत नाही. याच्या उलट टोकाचा एक छान प्रयोग २०१२ सालचा, रेस्टिव्हो आणि व्हान दे राइट यांचा. सर्वाधिक काम करणाऱ्या संपादकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहीजण निवडले आणि त्यांच्या सदस्यपानावर कौतुकाचं पदक, म्हणजे नुसतं एक चित्र आणि दोन ओळी, लावलं. ज्यांना मिळालं त्यांचं पुढचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भरलं. एका चित्राला एवढा भाव! मला यात आश्चर्य वाटत नाही. रात्री अकराला कूलरच्या घरघरीत कुणी ज्ञानेश्वरीच्या टीकेतले अनुस्वार मोजत बसलेला असतो तेव्हा घरातले त्याला 'रिकामटेकडा' म्हणत असतात. काम बघणारा आणि त्याची किंमत ओळखणारा असा एकच माणूस असतो, आणि तो पाचशे मैलांवर.

छोट्या गटाचे तोटेही आहेत. दहा-बारा माणसं वर्षानुवर्षं तीच राहिली की त्यांच्यात खुणेची भाषा तयार होते, जुने हिशेब साठतात, आणि बाहेरच्याला आत काय चाललंय ते कळेनासं होतं. शिवाय ज्यांना जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुण्या-मुंबईच्या एखाद्या पुतळ्याबद्दल चार संदर्भ चटकन सापडतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्रभर चालणाऱ्या नाटकांबद्दल लिहायला बसलं की संदर्भासाठी अंधारात चाचपडावं लागतं. मजकूर नाही असं नाही. तो जुन्या अंकांत आहे, जुन्या नाट्यपुस्तिकांत आहे, आणि ते कागद इंटरनेटवर आलेले नाहीत.

इथे नागपूरकरांच्या हाती खास काम आहे. गोपाळराव ओगल्यांचं 'महाराष्ट्र' हे वृत्तपत्र १९१४ साली याच शहरातून निघालं. त्या काळातल्या निनावी मजकुराची साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटली आहे. असे अंक, अहवाल, स्मरणिका विदर्भातल्या जुन्या वाचनालयांत आणि घरांच्या माळ्यांवर असतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आणि आमच्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा यांचं जमत नाही. घडी उलगडताना कडा बोटात तुटून येते. त्यामुळे छायाचित्रं काढणाऱ्याला शहरात असावंच लागतं, वाचनालयाची परवानगी काढावी लागते, खिडकीजवळचा सारखा उजेड शोधावा लागतो. बाकीच्यांनी कुठेही असावं. टंकणारा ठाण्यात, पिवळं करणारी बेळगावात, हिरवं करणारा न्यू जर्सीत. आणि 'इथे पानाचा कोपरा फाटलाय, तो शब्द काय असावा?' असा प्रश्न आला की तो पुन्हा नागपूरकराकडेच येणार, कारण मूळ पान हातात धरून उजेडाकडे करून बघणं फक्त त्यालाच शक्य आहे.